पी-थ्री, पी-फोर आणि बाबांचा आवाज

घाटंजीतल्या आमच्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते, आणि त्यांच्यावरून माझं नि दादाचं वर्षभर वाजत होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लग्नाचं शूटिंग तो करायचा. त्याने आणलेल्या कॅसेटी कापायच्या, जोडायच्या, त्यावर गाणी चढवायची आणि सीडी तयार करायची, हे माझं काम. आमच्याकडे याला मिक्सिंग म्हणत. जुन्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर होता पी-थ्री आणि नव्यातला पी-फोर. नवा म्हणजे आमच्यापुरता नवा. नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसात दोन-तीन साहेबांच्या हाताखाली तो आधीच राबून आला होता. पण दादाच्या लेखी तोच राजा.

"तीनापेक्षा चार मोठे, एवढं तं बालवाडीतल्या पोट्ट्यालेही समजते," तो म्हणायचा.

"हाव ना. मंग दुकानातलं सगळं काम तीनच काहून ओढून राह्यला?" मी विचारायचे.

पी-थ्री मी स्वतः जोडलेला होता. एकेक भाग मागवून, दोनदा चुकून, एकदा स्क्रू आत पाडून. त्याच्या डब्याची एक बाजू मी कधी लावलीच नाही, कारण ती लावली की तो तापायचा. त्यामुळे त्याची आतडी उघड्यावर असत आणि समोरून टेबल फॅन चालू असे. संध्याकाळी सायकलचा पंप घेऊन मी त्याच्यावर हवा मारायचे. दुकानाच्या समोरच जिनिंग होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. हंगामात कापसाचे तंतू रस्ताभर उडायचे आणि पापण्यांवर, चहाच्या ग्लासात, धुतलेल्या केसांत जाऊन बसायचे. पंप मारला की पी-थ्रीतून पांढरा भुसा उडायचा आणि मी शिंकत सुटायचे.

पी-फोरचे मात्र लाड होते. कापूस जिनिंगला यायला लागला तशी आईने त्याच्यासाठी अंगरखा शिवला. मांडववाल्याकडून उरलेलं निळं मखमली कापड होतं, त्याला आतून अस्तर, कडेने सोनेरी झालर. पुढे बटण दाबायला आणि सीडी घालायला तेवढी फट. मागच्या जाळीलाही तिने दुहेरी कापड लावलं, कारण कचरा तिथूनच जातो, असं तिचं म्हणणं होतं. तिचं निरीक्षण चूक नव्हतं. थंडीत लेकराला गुंडाळावं तसा तो गुंडाळला गेला, आणि दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कापड हात लावून बघायला सांगायचा.

ती वर्षं आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची, आणि म्हणून कॅमेऱ्यांची होती. मुंबई-दिल्लीचे लोक गाड्या घेऊन यायचे, आमच्या दुकानात बॅटऱ्या चार्ज करायचे आणि विचारायचे, कोणत्या गावात जावं? कोणत्या घरात जावं? मला त्यांचा राग यायचा. त्यांचं काम खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, तरी यायचा. ते गेले की मी दादाला म्हणायचे, इथे लग्नंही होतात, हे यांना कोणी तरी सांगा. होत होती; लहान झाली होती, चार-चार जोडप्यांची एकाच मांडवात लागत होती, शूटिंगवाल्याला पुष्कळदा नकोच म्हणत होते. पण होत होती.

आणि त्यातली कितीतरी बाबांनी लावली होती. बाबा त्या समोरच्याच जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी, लग्नसराईत, बौद्धाचार्य. आमच्यात लग्न बौद्धाचार्य लावतात. आधी वंदना, मग त्रिशरण-पंचशील, मग नवरा-नवरीला त्यांची नावं घेऊन प्रतिज्ञा द्यायची. आयुष्यभर प्रेसच्या धडधडीवर आवाज चढवून बोललेल्या बाबांना माईक लागायचाच नाही. घाटंजीपासून पार झरी जामणीच्या जंगलातल्या खेड्यांपर्यंत त्यांना बोलावणी असायची. मांडवात ते उभे राहिले की भांडणारे व्याहीसुद्धा गप्प बसायचे. मी लहान असताना मला वाटायचं की लग्न त्या आवाजानेच लागतं, बाकी सगळं उगाच.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. आवाज बसला होता तेव्हा ते थांबले नाहीत. कोमट पाणी पीत, गळ्याला फडकं बांधून सबंध हंगाम लग्नं लावत राहिले. "लोकायनं तारखा काढल्या आहेत, त्यायले काय सांगू?" हे त्यांचं उत्तर. नागपूरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. बाबा घरी आले ते गळ्याच्या छिद्रातून श्वास घेत, त्यावर पांढरं मऊ फडकं ठेवून. तेव्हापासून ते हातांनी बोलत, टाळी वाजवून हाक मारत, आणि फारच अडलं तर पाटीवर लिहीत.

माझं लग्न वणीला ठरलं आणि मे महिना ठरला. "तुह्यं लग्न मीच लावीन," हे बाबांचं वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. आता त्यांनी खुणेनं आईला सांगितलं की, त्या दिवशी ते स्टेजवर येणार नाहीत, मागे जेवणाचं बघतील. भाताकडे कोणी तरी पाहायला हवं ना, असा हात केला. आईने मला हे सांगितलं तशी मी उठले. दुकानात गेले आणि थोरल्या बहिणीच्या, ताईच्या लग्नाची कॅसेट शोधायला लागले.

कॅसेट सापडली. ताईचं लग्न बाबांनीच लावलं होतं आणि शूटिंग दादाचं होतं. पहिलं-वहिलं शूटिंग. आमच्या या कलावंताने कॅमेरा कुठे लावावा? जनरेटरच्या शेजारी. संपूर्ण कॅसेटभर घर्रर्र आवाज, आणि त्याच्या खाली कुठे तरी, विहिरीच्या तळाशी असल्यासारखे, बाबा.

"तुले दुसरी जागा नोती दिसली?"

"तिथंच तं सावली होती वं!"

आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. त्याला नुसत्या घरघरीचा एक तुकडा ऐकवायचा. मग ते सगळ्या कॅसेटमधून तेवढीच घरघर शोधून काढतं आणि वजा करतं. एका खेपेत भागत नाही. वरची घरघर गेली की खालची दिसते, पुन्हा ऐकवायचं, पुन्हा वजा. प्रोसेसरसाठी हे भलतं जड काम होतं. आणि ते निम्म्यात सोडून चालत नव्हतं; मध्येच लाईट गेली की सगळं पुसलं जायचं, पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसांत लाईट येण्याला वेळ होती, जाण्याला नव्हती. तेव्हा ती भर दुपारी यायची आणि उन्हं कलायच्या आत केव्हाही जायची. यूपीएस म्हणाल तर तो एक शिट्टी वाजवून मान टाकायचा.

दादाच्या आग्रहाने काम पी-फोरला दिलं. पहिल्या दिवशी निम्मं काम बाकी राहिलं आणि लाईट गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर तो आणखी मागे रेंगाळला. काळ्या पडलेल्या पडद्यासमोर मी हात जोडायचे की दात-ओठ खायचे, ते मलाच कळेना. लग्न तोंडावर आलं होतं. बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं; जमेपर्यंत सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

"काम तीनले दे," मी म्हटलं.

"चारले नाही जमलं थे तीन करंन? उद्या म्हनशीन बैलगाडीनं वणीले जाऊ."

"मंग लाव पट. दोघायले सारखाच तुकडा देऊ. कोन पुढं जाते थे पाहू."

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. हा शब्द मी रागात बोलले आणि तो बाजारच्या दिवशी बोलले, हे माझं चुकलंच. शेजारच्या टेलरने ऐकलं, चहावाल्याने ऐकलं, आणि लाईट येईपर्यंत दुकानाच्या पायरीवर बाजाराला आलेली माणसं पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. गर्दी कशाची म्हणून बाबाही आले आणि मागे खुर्ची ओढून बसले. एका आजोबांनी मखमल पाहिली, झालर पाहिली आणि उघड्या आतड्यांचा तो दुसरा पाहिला.

"ह्या निळ्या झुलीवाल्यावर माह्यी जबान," ते म्हणाले. "त्या दुसऱ्याच्या तं बरगड्या दिसून राह्यल्या."

दोन्हीकडे एकच तुकडा होता, एकच सॉफ्टवेअर; तुकडा कशाचा, ते बाबांना कळू दिलं नाही. मी इकडचं बटण दाबलं, दादाने तिकडचं. दोन्ही पडद्यांवर निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. आधी बरोबरीने. मग निळ्या झुलीवाला थोडा पुढे गेला आणि दादाने टेलरच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर त्याची पट्टी चालायची, थबकायची, पुन्हा चालायची. माझा तीन मात्र एका चालीने निघाला होता. मध्यावर त्याने चारला गाठलं. पायरीवरची माणसं उठून उभी राहिली. "हाण! हाण!" असं कोणी तरी ओरडलं, कोणाला हाणायचं ते त्यालाच माहीत. पी-थ्रीची पट्टी पोचली तेव्हा पी-फोरचा बराच रस्ता बाकी होता.

मी ओरडले, टाळ्या पिटल्या, दादाला नको ते बोलले. पण खरं सांगते, आतून मी थक्क झाले होते. माझ्या हातांनी जोडलेला तो दरिद्री डबा जिंकेल, असं मलाही वाटलं नव्हतं. मी फक्त भांडत होते.

बाबा ओरडले नाहीत, ओरडू शकत नव्हतेच. ते उठले, पी-फोरजवळ गेले, आईच्या मखमलीखाली हात घातला आणि डब्याला तळवा लावला. तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. चटकन हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघून तो कपाळाशी नेला. ताप आहे.

अंगरखा उतरवला. डबा उघडला. आत प्रोसेसरच्या डोक्यावर पात्यांचा धातूचा ठोकळा असतो, त्यावर छोटा पंखा. पंखा जेमतेम हलत होता, आणि त्याच्याखाली कापसाची गादी जमली होती. थरावर थर, बोटाने उचलली तर सबंध उचलली जाईल अशी. मखमल यायच्या आधीच जे आत गेलं होतं ते आत राहिलं होतं, आणि मखमलीने वारा अडवला होता. आईही येऊन मागे उभी होती, ते बघत होती.

"मी तं जपाले गेलती त्याले," ती एवढंच म्हणाली आणि झालर गोळा करत बसली.

मी नागपूरच्या सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन लावला. मला एक गोष्ट समजत नव्हती: एवढा तापूनही हा बंद कसा पडला नाही? तो हसला. म्हणाला की, या चारमध्ये एक सोय आहे, तो आपला ताप आपणच मोजतो. फार तापला की जळत नाही, बंद पडत नाही. क्षणभर थांबतो, क्षणभर चालतो, पुन्हा क्षणभर थांबतो. आपल्याला तो मंद वाटतो, तो स्वतःला वाचवत असतो. "आणि तीन?" मी विचारलं. तीनला असा दम खाता येत नाही, तो म्हणाला. तो धावेल तर पुरा धावेल, फार तापला तर मधेच पडेल.

मी फोन ठेवला आणि त्या ठोकळ्याखाली दडलेल्या प्रोसेसरकडे पाहत राहिले. सबंध उन्हाळा, कापसाखाली गुदमरत, मखमलीत उकडत, हा शांतपणे श्वास मोजून काम करत होता, आणि आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. असं काही बनवणाऱ्या माणसांबद्दल मला इतकं नवल वाटलं की माझे डोळे भरून आले. दुकानदाराने सांगितलेलं मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. बाबांनी ते लक्ष देऊन ऐकलं. मग त्यांनी पी-थ्रीकडे बोट केलं, तेच बोट स्वतःच्या गळ्यावरच्या फडक्यावर ठेवलं आणि खांदे हलवत हसायला लागले. बिनआवाजाचं हसू. दादा हसला, मी हसले, आणि आईला एकदम संताप आला.

"हासता काय! तवा सांगतलं होतं मी दम खा म्हनून!"

पंप मारला. पांढरा भुसा थेट रस्त्यापर्यंत उडाला. पट पुन्हा लावला आणि आता चार जिंकला. दादा नाचला. पण फार पुढे नाही गेला, तो ज्या तोऱ्यात सांगायचा त्याच्या पावपटीनेही नाही. बरगड्या दिसणारा त्याच्या मागोमागच होता. एकट्याने धावून लाईट जायच्या आत संपूर्ण कॅसेट साफ करील, असा त्या दोघांत कोणीच नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. आजोबा पिशवी उचलून निघाले होते, पायरीवर थांबून म्हणाले, "पोरी, पटात एकटा बैल कोनी धाववते काय? जोडी असते."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायला लागलो. वर्षभर भांडण्याच्या नादात हे आम्हाला सुचलंच नव्हतं. कॅसेटचे दोन भाग केले. मोठा वाटा चारला, लहान तीनला. दुसऱ्या दिवशी लाईट येताच दोघांना सोबत जुंपलं. दादाने स्वतःसाठी घरून आणलेला पंखा चारसमोर लावला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आत आमच्या अंगाचं पाणी-पाणी. पट्ट्या सरकत होत्या. पहिली खेप, दुसरी खेप. मी देव मानत नाही, तरी कोणाला तरी विनवत होते. शेवटी तीन पोचला, आणि त्याच्यापाठोपाठ चार. दोन्ही भाग जोडले, सीडीवर उतरवले, सीडी बाहेर काढली. चहा प्यायलो नाही तोच लाईट गेली.

संध्याकाळी सीडी घरी लावली. आई पोळ्या करत होती, बाबा दारात बसले होते. आधी नुसती शांतता आली, खरखरीत नव्हे, धुतलेली. आणि तिच्यातून बाबा बोलले. वंदना सुरू झाली. तो आवाज. मांडव गप्प करणारा, माईक न लागणारा. मी इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काम करत होते, आवाज म्हणजे पडद्यावरची वेडीवाकडी रेघ असते हे मला ठाऊक होतं, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. कोट्यवधी बेरजा-वजाबाक्या करून त्या दोन डब्यांनी एक माणूस वर काढला होता. बाबा उठले. चपला काढल्या, हात जोडले आणि वंदनेला उभं राहावं तसे स्वतःच्या आवाजापुढे उभे राहिले.

मध्येच बारीक हुंदके ऐकू आले. घरघर निघून गेल्यावर खालून ते उघडे पडले होते. ताईच्या लग्नात आई रडली होती.

"मी कुठं रडली होती!" आई चुलीपुढून म्हणाली, आणि तवा तसाच सोडून पदर डोळ्यांना लावला.

एकच अडचण होती. प्रतिज्ञा देताना बाबांनी नावं घेतली होती, ताईचं आणि भाऊजींचं. ती मी कापली, त्यावरचे दोघांचे होकारही कापले, आणि कापलं तिथे तेवढ्याच लांबीची शांतता ठेवली. वणीकडच्या बौद्धाचार्यांशी बोलणं झालं: रेकॉर्डिंग चालू असताना त्या दोन रिकाम्या जागांत त्यांनी नावं पुकारायची. बाबांना, तुम्ही फक्त स्टेजवर उभं राहायचं, एवढंच सांगितलं. त्यांनी आधी भाताचा हात केला. मग मान हलवली.

लग्नाच्या दिवशी भोंग्यातून बाबांचा आवाज निघाला तसा मांडव गप्प झाला. घाटंजीकडची माणसं आवाज ओळखून उठून उभी राहिली. आणि बाबांकडे, भोंग्याकडे, पुन्हा बाबांकडे बघत राहिली. बाबा पांढऱ्या सदऱ्यात, हात जोडून, ओठ हलवत उभे. वंदना झाली, पंचशील झालं. शेकडो माणसांनी मागून म्हटलं. प्रतिज्ञा सुरू झाली. नवऱ्याच्या नावाची जागा आली आणि वणीच्या बौद्धाचार्यांनी ठरल्याप्रमाणे नाव पुकारलं, त्याने होकार दिला. रेकॉर्डिंग पुढे गेलं.

मग माझी जागा आली. ते पुकारायला पुढे झाले आणि थांबले. बाबा एक पाऊल पुढे आले होते. त्यांनी माईक आपल्या गळ्यापाशी ओढला, माझ्याकडे पाहिलं आणि त्या शांततेत माझं नाव घेतलं. आवाज आला नाही. फडक्याआडून फक्त श्वासाची फुंकर आली आणि ती भोंग्यातून सगळ्या मांडवात पोचली.

ती जागा तीनलाही भरता आली नसती आणि चारलाही. मी "हो, बाबा" म्हटलं. शांतता मी बरोबर मापून ठेवली होती. माझं उत्तर संपलं आणि बाबांचा आवाज पुढची प्रतिज्ञा सांगू लागला.